पूजेत बसलेला गेज

खंडेनवमीच्या सकाळी बाळकुमच्या शेडमध्ये कंपनीची हत्यारं पाटांवर मांडली होती. हेल्मेटं, हवेच्या नळ्या, राखीव हवेच्या बाटल्या आणि मधोमध, झेंडूच्या हारात, बाटलीतला दाब मोजायचा गेज. कंपनीत असा एकच गेज होता. दुसरा घ्यायचं दर वर्षी एकमताने ठरत असे.

ही कंपनी भर समुद्रातल्या तेलविहिरींखाली पाणबुडे उतरवते. खाली हवा बोटीवरून नळीने येते. नळी दबली तर पाठीवरची राखीव बाटली. ती रिकामी असली तरी दिसते भरलेलीच. खरं काय ते गेज सांगतो.

पूजलेल्या हत्यारांना दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही, ही मालक प्रफुल्ल सरांची शिस्त. कंत्राटाचं सामान याला अपवाद; ते संध्याकाळी बोटीवर जाई. गेज कंत्राटात नव्हता, म्हणून तो देवीकडे राही.

गेल्या वर्षी याच शिस्तीत कंपनीचा पाणबुडा सुशांत बाटली न मोजताच पाण्यात उतरला. नळी दबली. त्याने राखीव बाटली उघडली, तिच्यात दोन श्वास निघाले. जोडीदार दौलतने त्याला घाईघाईने ओढून वर काढलं, त्या झटपट बदललेल्या दाबाने त्याचा डावा कान गेला. कंपनीने शाल-श्रीफळ दिलं आणि देवीने वाचवलं असं जाहीर केलं. दौलतला पेढे मिळाले.

आज संध्याकाळी पुन्हा बोट होती. निघताना कोपरच्या घरी बायको संचिता सुशांतच्या उजव्या कानाशी म्हणाली होती, "बाटली मोजल्याशिवाय बोटीवर चढलास तर परत येऊ नकोस. तसाही येणार नाहीस."

"विनीत, गेज दे," सुशांत म्हणाला.

विनीत कंपनीचा सुरक्षा अधिकारी. सकाळपासून त्याने एकच धोका हेरला होता, समईजवळचा पडदा. तो त्याने बाजूला केला होता.

"अरे, पूजेत बसलाय तो. बाटलीला ओकेचं हिरवं लेबल आहे की!"

"लेबल तोंडात धरून श्वास घेऊ का?"

"सुशांत, आज सणाच्या दिवशी अभद्र बोलू नये," प्रफुल्ल सर म्हणाले.

सुशांतने चपला काढल्या. बाटलीशेजारचा रिकामा पाट ओढला, त्यावर मांडी घातली आणि कपाळाला कुंकू लावून घेतलं.

"मीही कंपनीचंच हत्यार. उत्तरपूजेपर्यंत मला हलवायचं नाही."

दौलत हसला आणि त्याने एक हार सुशांतच्या गळ्यात टाकला.

"ए, तू कंत्राटातला आहेस!" विनीत ओरडला.

"कंत्राटात तपासलेली बाटलीपण आहे. ती दाखव, उठतो."

एवढ्यात सरांचा मोबाइल वाजला. तेल कंपनीचे साहेब होते, बोट किती वाजता निघणार विचारत होते. सरांनी देवीकडे पाहिलं, सुशांतकडे पाहिलं, मग विनीतला हाताने खूण केली. विनीतने देवीला नमस्कार करून गेज हारातून सोडवला आणि हिरव्या लेबलाच्या बाटलीला लावला.

काटा शून्यावरून हलला नाही. सुशांतही पाटावरून हलला नाही.

"बोट उद्या निघेल, साहेब," सर फोनवर म्हणाले. "काय आहे, सेफ्टीच्या बाबतीत आमच्याकडे तडजोड नसते."