अमावास्येचं बिल

बडनेरा रोडवरच्या त्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये मोनालीला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत तिने गिऱ्हाइकांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या आणि पेढेही. पण घटस्थापनेच्या सकाळी काउंटरमागे उभी असताना गिऱ्हाईक येऊच नये असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

झालं असं होतं. पितृपक्षात वऱ्हाडात गाडी कोणी घेत नाही. बुकिंग करतात, काही जण पूर्ण पैसेही भरून ठेवतात, पण बिल फाडायचं ते घटस्थापनेलाच. यंदा नेमकं त्याच पंधरवड्यात अकोल्याच्या मुख्य डीलरकडून पत्र आलं. सरकारी सूट कमी झाली, बॅटरी महागली, घटस्थापनेपासून प्रत्येक स्कूटरमागे सोळा हजार जास्त. ज्याचं बिल आधी फाटलं, त्यालाच जुना भाव.

मोनालीने एकेकाला फोन लावला. जहीरभाईंना पितृपक्षाची अडचण नव्हती. ते तासाभरात आले, बिल फाडून घेतलं आणि गाडी घेऊन गेले. बाकीच्यांनी तिचीच खरडपट्टी काढली. "पेट्रोल परवडत नाही म्हनून तुमच्या दारात आलो, आता तुमी बी लुटाले बसले काय?" असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने पैसे परत मागितले. बिल आज फाडू का, असं विचारलं की मात्र सगळे एकजात फोन ठेवून द्यायचे. पितरांच्या दिवसांत गाडी घेण्यापेक्षा सोळा हजारांनी रडणं त्यांना बरं वाटत होतं.

डोमाजींना तिने फोनच केला नाही.

डोमाजींचं अंजनगाव बारीला शिलाईचं दुकान होतं. मुलगी रागिणी अमरावतीच्या एका लॅबमध्ये लागली होती. सकाळी सातला हजर व्हायचं आणि बस मिळायची सव्वासातची. पंधरा तारखेपासून वेळेवर या, नाहीतर दुसरी मुलगी बघतो, असं लॅबवाल्यांनी सांगून टाकलं होतं. डोमाजींनी होतं नव्हतं ते सगळं भरलं आणि म्हणाले, "पोरी, याच्यावर एक रुपया वाढला तं गाडी राहू दे. आमच्याकडं नाही." आणि त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, जाताजाता मोनालीचा हात धरला होता. "बिल घटस्थापनेलेच फाडजो माय. माह्या पोराची, नितेशची गाडी पितृपक्षात घेतली होती. सहा महिन्यांत मोर्शी रोडवर गेला."

विचारलं असतं तर बाई नाहीच म्हणाल्या असत्या. म्हणून मोनालीने विचारलं नाही. सर्वपित्री अमावास्येला दुपारी, भाव वाढायच्या आदल्या दिवशी, तिने डोमाजींचं बिल फाडलं. त्या क्षणी तिला स्वतःचा अभिमानही वाटला होता. रात्रभरात त्या अभिमानाचं पार पाणी झालं.

साडेनऊला तिघं आली. रागिणीच्या हातात हार होता, कौशल्याबाईंच्या पिशवीत नारळ आणि लिंबं. डोमाजींचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"भाव वाढला म्हनते," ते दारातूनच म्हणाले. "गावात समजलं. आमी आता पैसे वापस घ्यालेच आलो. हार उगाच घेतला या पोट्टीनं."

"काका, तुमचा भाव जुनाच हाये," मोनाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

डोमाजी मटकन खुर्चीत बसले. मग हसले. मग काउंटरवरून हात लांब करून त्यांनी मोनालीच्या डोक्यावर ठेवला. रागिणी धावतच गाडीकडे गेली. शोरूमचे मालक कुलदीपशेठ यांनी फोटोसाठी मोठी पुठ्ठ्याची किल्ली काढली. सगळं गोडीत चाललं होतं, पण मोनालीचं फोटोकडे लक्ष नव्हतं, कारण कौशल्याबाईंनी बिल हातात घेतलं होतं.

बाई चौथी शिकलेल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून त्या वाचत होत्या. बोट वर सरकलं आणि थांबलं.

"हे कवाचं हाये?"

कुलदीपशेठनी मोनालीकडे बघून भुवई उडवली. मशीनची चूक आहे म्हण, असा त्याचा सरळ अर्थ होता. मोनालीने तोंड उघडलंही. पण समोरच्या बाईचं बोट तारखेवरून हलत नव्हतं, आणि त्या बोटासमोर तिला खोटं बोलवेना.

"अमावास्येचं, काकू. मीच फाडलं. न विचारता. आज फाडलं असतं तं सोळा हजार जास्त लागले असते."

गाडीला हार घालणारी रागिणी हार धरून तशीच उभी राहिली.

"सोळा हजार वाचले ना पन," डोमाजी हळूच म्हणाले.

"नितेशच्या येळेस बी चार हजार वाचले होते," कौशल्याबाई म्हणाल्या. "पितृपक्षात गिऱ्हाईक नसते म्हनून दुकानदारानं कमी केले होते. आपन खूश झालो होतो."

डोमाजींनी मान खाली घातली. बिल रद्द करता येतं, पण मग नवा भाव लागेल, असं कुलदीपशेठ म्हणाले आणि पुठ्ठ्याची किल्ली घेऊन आत गेले. रागिणी रडली नाही, तिने फक्त हार आईच्या पिशवीत ठेवून दिला. ते मोनालीला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

कौशल्याबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या.

"तुले येते चालवता?" त्यांनी मोनालीला विचारलं.

"येते."

"मंग काढ. मी मांगं बसतो. अंबादेवीले जाऊन येऊ. तारीख तू टाकली, पहिले तूच बस."

मोनालीला मुहूर्ताचं कधी सोयरसुतक नव्हतं. शुभ दिवस म्हणजे तिच्या लेखी चार बिलं जास्त, एवढंच. पण आज हेल्मेटचा पट्टा तिने दोनदा तपासला. मागे पिशवीसकट बाईंचं वजन पडलं आणि तिच्या खांद्यात दोन्ही हातांची नखं रुतली.

गाडी रस्त्यावर आली. आवाज नाही, काही नाही, त्यामुळे स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. रोजचाच रस्ता, पण आज अकोल्याकडून येणारा प्रत्येक ट्रक तिच्याच अंगावर येतो आहे असं तिला वाटत होतं. राजापेठेच्या चौकात एका ऑटोने न बघता वळण घेतलं. तिने करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पण ऑटो गेल्यावरही तिने ती पुढे काढली नाही. आपण हसण्यावारी नेलेली गोष्ट खरी असली तर, हा विचार डोक्यात शिरला तो निघेना. मागून हॉर्नचा नुसता कल्ला सुरू झाला.

"काकू," ती मागे न बघता म्हणाली, "मले लय भेव लागून राहिलं. मी वापस नेतो गाडी. सोळा हजार माह्या पगारातून कापतीन शेठ. नवीन बिल फाडू आपन."

मग खांद्यावरची नखं सैल झाली.

"भेव लागून राहिलं तं मंग चालव," कौशल्याबाई म्हणाल्या. "ऑटो आला तं तू थांबली. माह्या नितेशले कशाचंच भेव नव्हतं."

मोनालीने गाडी कडेला घेतली आणि हळूहळू देवीच्या दिशेने निघाली. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. देवळाच्या गर्दीपाशी उतरल्यावर कौशल्याबाईंनी पिशवीतला हार काढला आणि आपल्या हाताने गाडीला घातला.