फक्त माझ्याच पडद्यावर

मित्रांनो, तुम्ही हल्ली जे चपटे लॅपटॉप बघता, त्यांच्या खानदानातला मी एक जुना, कुबड निघालेला कॉम्प्युटर आहे. पनवेलात एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत सुटे भाग जोडून मला उभं केलं, ते साल २००८. तिथे इंद्रजीत सर वेबसाईट बनवायची कार्यशाळा घ्यायचे. भाषण थोडं, पहिल्या दिवसापासून हात कीबोर्डवर. कुणी मसाल्यांची साईट करी, कुणी शिकवणीची.

माझ्यासमोर बसली निशा, गव्हाणच्या कोळीवाड्यातली. तिचा बाप गणू उरणच्या एका बोटीवर खलाशी होता. वैशाखातल्या वादळात बोट फुटली. दोघं पोहत किनाऱ्याला लागले, गणूचा पत्ता नाही. नातेवाईक म्हणायचे, आता दिवस घाला. निशाची आई ठमाबाई ऐकेना.

"कुंकू नाय पुसायची मी," ती म्हणाली. "कुठं लागला आसंल कुठल्या बंदराला. तू त्या कंपूटरात त्याचा फोटू टाक. जग बघंल."

म्हणून निशा शिकत होती. एका बोटाने टाईप करायची. शेजारची रिया चिडवायची, "अगं, मासे मोजतेस का?" निशा हसायची आणि पुन्हा अक्षर शोधायची.

अखेर पान झालं. वर गणूचा फोटो, मिशीत हसणारा. खाली उंची, वय, फोन नंबर. सर मागे येऊन म्हणाले, "झक्कास. चढव इंटरनेटवर."

आमच्या वर्गात ज्याची जागा त्याची, तोच कॉम्प्युटर शेवटपर्यंत. कार्यशाळा संपली तरी निशा दर रविवारी यायची, माझ्यासमोरच बसायची आणि बापाला बघून जायची. माझी कधी एवढी कोणी कदर केली नव्हती. दसऱ्याला तिने मला झेंडूचा हार घातला. बटण दाबताच मी उजळायचो, गणू हसायचा. मला वाटायचं, सगळ्या जगात तो असाच हसतोय.

दिवाळीआधी माझा पॉवर सप्लाय जळाला. निशा रियाच्या कॉम्प्युटरवर बसली. पान उघडलं. मजकूर सगळा होता. फोटोच्या जागी रिकामी चौकट, कोपऱ्यात लाल फुली.

"सर, बा कुठं गेला?"

सर वाकले. पानाचा कोड उघडून एकेक ओळ तपासली. मग हळू म्हणाले, "निशा, तू पान चढवलंस. फोटो नाही चढवला. पानात फोटोचा पत्ता दिलायस तो तुझ्या नेहमीच्या कॉम्प्युटरच्या पोटातला. तिथेच सापडतो, बाहेर कुणाला नाही. मी दुसऱ्या मशीनवर बघायला हवं होतं."

मला दुरुस्त करून सरांनी माझ्या पोटातून फोटो काढला आणि नीट चढवला. पुढच्या रविवारी निशा माझ्यासमोर असतानाच तिचा फोन वाजला. दूरच्या एका बंदरातल्या दवाखान्यातून कादंबरी नावाच्या नर्सबाई बोलत होत्या.

"तुमचं पान मी आषाढातच उघडलं होतं गं. चौकट रिकामी होती. आमच्याकडे एक माणूस होता. ताप डोक्यात गेलेला, नाव सांगता यायचं नाही. नुसत्या उंची-वयावरून तोच म्हणून कसं सांगणार? आज पान पुन्हा उघडलं, फोटो दिसला आणि ओळखला. पण बाळा, श्रावणातच गेला तो."

दोन दिवसांनी ठमाबाई जिना चढून आली. कपाळ मोकळं होतं. माझ्या पडद्याला तिने हात लावला.

"आता सगल्यांना दिसतो?"

"दिसतो आये."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नको काढू."

मी आता भंगाराच्या ढिगात आहे. माझी कीव करू नका. मित्रांनो, एवढंच करा. कुणासाठी काही बनवलंत, तर आपल्या जागेवरून उठा, चार पावलं दूर जा आणि परक्याच्या पडद्यावर ते एकदा उघडून बघा. आपल्याला दिसतं म्हणून शाबासकी घेऊ नका. तिकडे कुणीतरी डोळे ताणून रिकाम्या चौकटीकडे बघत असेल.