लाटा नसलेली जागा

तेजराम सायकलवरून उतरला तेव्हा राधाबाई ओल्या पोतेऱ्यानं दाराशेजारची भिंत घासत होती. कुणीतरी कोळशानं तिथं झगा घातलेली एक बाई काढून ठेवली होती आणि तिच्या हातात हात दिलेला एक मिशाळ पुरुष. मिशा निघाल्या होत्या, झगा काही केल्या निघत नव्हता.

"ये बापा," ती मागं न वळता म्हणाली. "कावून असा उभा? आत बस, हे एवढं करून आलीच मी."

तेजराम हँडलला अडकवलेली कापडी पिशवी काढून काखेत धरून उभाच राहिला. गेल्या तीन महिन्यांत तो या क्वार्टरमध्ये चारदा आला होता. चारही वेळा ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा चहा प्याला, थंडीच्या गोष्टी केल्या आणि परत गेला. आज तसं करायचं नाही म्हणून त्यानं पिशवी बरोबर घेतली होती. पिशवीत देवीदासचा सदरा आणि पँट होती.

देवीदास हा राधाबाईचा एकुलता एक मुलगा. तो आणि तेजराम पवनीकडच्या एकाच गावचे, वैनगंगेच्या एकाच घाटावर पोहायला शिकलेले. शेती भावकीच्या हवाली करून दोघं एकाच गाडीनं भिलाईला आले. भट्टीचं काम शिकायला कारखान्यानं जी माणसं रशियाला पाठवली, त्यांतही दोघांची नावं पाठोपाठ निघाली. परतीच्या बोटीतून मात्र एकटा तेजराम उतरला. वाटेत एका बेटावर बोट दिवसभर थांबली होती, आणि तिथं उतरलेला देवीदास संध्याकाळी परत आलाच नाही. बोट रात्रभर खोळंबली. तिथल्या पोलिसांनी शोधाशोध केली, कागद रंगवले आणि बोट पुढं निघाली. आपण त्या दिवशी बाजारात होतो, देवीदास कुठं गेला ते आपल्याला ठाऊक नाही, असं तेजरामनं साहेबांपुढं लिहून दिलं.

त्या एका ओळीनं पुढचं सगळं रामायण घडवलं. ऑफिसात देवीदासच्या नावापुढं 'फरार' लागलं. रशियातल्या एका फोटोत तो कँटीनमधल्या एका गोऱ्या बाईशेजारी उभा होता, तेवढं लोकांना पुरलं. सुपेल्याच्या बाजारापासून कामगारांच्या कॅम्पातल्या नळापर्यंत एकच विषय झाला. पोरगा गोरीच्या नादी लागला आणि बेटावर उतरून पळाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

घरातल्या दोघी बायकांनी मात्र ते दोन तऱ्हांनी घेतलं. राधाबाई भांडली. नळावर भांडली, किराणा दुकानात भांडली, ऑफिसच्या पायरीवर बसून भांडली. माझा पोरगा पळणारा नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. सून सत्यशीला एकदाही भांडली नाही. गेला तर गेला, कुठंतरी खाऊन-पिऊन सुखी असेल, थकला की येईल, असं ती नळावर सांगे आणि बायका हसल्या तर आपणही थोडं हसे. नवऱ्यानं टाकलेली बाई इतकी निश्चिंत कशी, याचं कॅम्पाला नवल वाटे. तेजरामला वाटत नसे. फरार माणूस जिवंत असतो, हे तिनं सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. राधाबाईची गोष्ट वेगळी. मुलगा पळाला नाही तर मग त्याचं झालं काय, या प्रश्नापर्यंत तिनं स्वतःला कधी जाऊच दिलं नव्हतं.

काल ऑफिसात बाबूनं तिला महिन्याभरात क्वार्टर सोडायला सांगितलं. तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, या तेजरामला विचारा, माझा पोरगा कसा होता ते हा सांगेल. तिनं बोट दाखवलं आणि दहा माणसं तेजरामकडं बघू लागली. तो आपल्या बुटांकडं बघत राहिला. बाबू हसला. घरी आल्यावर तेजरामनं ताट तसंच सरकवलं. बायको शालू पोटुशी होती, तिला वाटलं भाजीत मीठ जास्त झालं. खोटं लिहून दिल्याचं कबूल केलं तर नोकरी जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. तरीही आज पहिली पाळी सुटल्यावर त्यानं ट्रंकेच्या तळाची घडी काढली आणि सायकल इकडं वळवली.

राधाबाई हात पुसत आत आली. सत्यशीला सुपात तांदूळ निवडत होती, ती चहाला उठू लागली तेव्हा तेजराम म्हणाला, "चहा नको वयनी. तुमीबी बसा."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं. ती पुन्हा खाली बसली, पण सूप तिनं मांडीवरून काढलं नाही.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर ते बोलणं त्याच्या हातात राहिलं नाही. धक्क्याजवळचा किनारा बोटीवरच्या उतारूंनी भरला होता. रंगीत छत्र्या होत्या, तबकडीवर गाणी लागली होती, बायका-पुरुष नाममात्र कपड्यांत वाळूत लोळत होते. देवीदासला समुद्रात डुबकी मारायची होती. तो लंगोट लावून तिथंच उतरायला निघाला. पाण्याची कसली लाज, असं त्याचं म्हणणं. लाज तेजरामला वाटली. दोन वर्षं काट्या-चमच्यानं जेवून तो स्वतःला साहेबांपैकी समजू लागला होता. आपल्या गावचा माणूस या गोऱ्या लोकांपुढं लंगोटावर उभा राहणार, ही कल्पना त्याला सोसवेना. हा किनारा सोडून जायचं नाही असा हुकूम होता. तरी तोच म्हणाला, चल, जरा लांब जाऊ, निवांत जागा शोधू.

ते तासभर चालले. एका जागी कोळ्यांची जाळी वाळत होती. दुसरीकडं नुसते खडक. तिसरी जागा मिळाली ती मात्र मन निवावं अशी होती. मऊ वाळू, माणूस नाही, वर टेकाडावर चार शेळ्या. दोन्ही बाजूंना लाटा जोरात फुटत होत्या आणि मधोमध काळसर, सपाट पाण्याचा एक पट्टा सरळ आत गेला होता. तिथं लाटच नव्हती.

आता हे कुठल्याही वैनगंगेच्या माणसानं पाहिलं असतं तर तो तेजरामसारखाच बोलला असता. नदीत पाणी जिथं खळखळतं तिथं खाली दगड असतात, पाय फुटतो. जिथं पाणी गुळगुळीत तिथं खुशाल अंग टाकावं. तेजरामनं त्या सपाट पट्ट्याकडं बोट केलं आणि सांगितलं, इथून उतर, इथं लाटा नाहीत. देवीदासनं कपडे त्याच्या हातात दिले आणि हसत पाण्यात शिरला.

"मंग?" राधाबाई म्हणाली.

"ते पाणी निजलेलं नव्हतं, काकी. चालून राहिलं होतं. लाटांनी काठावर आणलेलं सगळं पाणी तिथूनच मागं जाते. हे मले मागाहून समजलं. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या खलाशानं ओल्या बोटानं फळीवर काढून दाखवलं."

सत्यशीलाचा हात सुपात तसाच होता. तेजराम थांबला. आतापर्यंत सांगितलं ते सोपं होतं, पुढचं त्यानं शालूलाही सांगितलेलं नव्हतं.

"देवीदास भ्याला नाई," तो म्हणाला. "धार ओढून राहिली हे त्याले लगेच समजलं. तो आडवा निघाला. आपण पुरात निघतो ना, धारेशी न भांडता, तसा. बराबर निघाला होता तो. तसाच गेला असता तर लाटांनीच त्याले वाळूत आणून टाकलं असतं. पण मले वाटलं तो दूर चालला. मी जीव खाऊन ओरडलो. इकडे ये, काठाकडे ये, सरळ ये. मायी हाक आयकून तो वळला."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची साखळी करकरत गेली.

"सरळ येत राहिला. लय वेळ येत राहिला. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होतो, पुढं जायची माझी हिंमत झाली नाई. मंग तो दिसेना. अन् मी कपडे उचलले अन् पळालो. तो नाई पळाला, काकी. पळालो तो मी."

त्यानं पिशवीतली घडी काढून राधाबाईपुढं ठेवली. उद्या सकाळी ऑफिसात जाऊन हे सगळं लिहून देणार आहे, असं तो म्हणाला. नोकरी गेली तर जाऊ दे. तुझ्या पोराला यापुढं फरार कुणी म्हणणार नाही, तू तीन महिने खरंच बोलत होतीस हे सगळ्या कॅम्पाला कळेल. बोलताना त्याला रडू येत होतं आणि त्याचबरोबर, खोटं कशाला सांगायचं, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटत होतं.

राधाबाईनं सदरा उचलला. उजेडाकडं धरला. कॉलर उलटी करून पाहिली, मग वरून दुसरी गुंडी पाहिली. ती काळ्या दोऱ्यानं शिवलेली होती, बाकीच्या सगळ्या पांढऱ्या. तिनं त्या गुंडीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग सदऱ्याची होती तशी घडी केली आणि ती तेजरामकडं सारली.

"हा त्याचा नाई," ती म्हणाली.

"काकी, मी सोता—"

"मी माय आहो का तू? त्याचा नाई म्हणतो ना मी." तिचा आवाज चढला नव्हता. "पळाला तो. लहानपणापासून तसाच होता. शाळेतून पळे, जत्रेत माया हात सोडून पळे. आता गोरी भेटली, तर कायले येते इकडे?"

तेजराम तिच्याकडं बघतच राहिला. तीन महिने ज्या शब्दावरून ती साऱ्या कॅम्पाशी भांडली, तो तिनं स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता.

"ऑफिसात जाऊ नको," ती पुढं म्हणाली. "घरी बायको पोटुशी हाय तुझी. काही लिहून देऊ नको. क्वार्टर सोडून देऊ आमी, कोहक्यात खोली पाहू. पण तो पळाला, एवढं तसंच राहू दे. समजलं?"

"अन् लोक?"

"लोक बोलतेत. बोलू दे."

ती उठून दारात गेली. शेजारची मनकर्णा डोक्यावर हंडा घेऊन नळावरून येत होती. कोळशाच्या चित्राबद्दल बोलायला ती थबकलीच होती. राधाबाईनंच तिला हाक मारली आणि घरांच्या साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तू म्हणत होती तेच खरं निघालं, बाई. पळालाच माझा पोरगा. तेजराम सांगून राहिला, मजेत हाय तिकडे."

मनकर्णा डोक्यावरचा हंडा सावरत तशीच उभी राहिली. काहीतरी टोचून बोलायची तिची तयारी होती, ती वाया गेली. हो का, असं काहीतरी पुटपुटून ती चालू लागली.

तेजरामनं कपडे पिशवीत भरले. आपण सुटलो की कायमचे अडकलो, हे त्याला कळत नव्हतं. नोकरी वाचली होती. शालूला काही सांगावं लागणार नव्हतं. उद्यापासून भट्टीवर जायचं, लोक देवीदासवरून हसले की गप्प राहायचं, आणि तेही या म्हातारीच्या शब्दाखातर. यापेक्षा तिनं पायातली वहाण काढून मारली असती तर बरं झालं असतं.

तो सायकल काढत होता तेव्हा सत्यशीला बाहेर आली. ती त्याच्याकडं न बघता सायकलच्या पाठीमागं, रस्त्याकडं बघत उभी राहिली.

"पिशवी तुमच्यापाशीच ठेवा, भाऊजी," ती म्हणाली. "घरात राहिली तर आत्याबाई रोज काढून पाहतीन."

त्यानं मान हलवली.

"तिथी कोणती होती?"

तेजरामला तिथी माहीत नव्हती. बोटीवर कुठलं आलं पंचांग? त्यानं तारीख सांगितली. ती त्याला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. सत्यशीलानं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मनात काहीतरी जुळवलं. एका पेरावर अंगठा थांबला.

"दुसऱ्या दिवशी गणपती बसले होते कॅम्पात," ती हळूच म्हणाली. "म्हणजे हरतालिका. किती वाजता गेले?"

"दुपारून. उन्हं कलली होती."

"मी निर्जळी होती त्या दिवशी. त्याहिच्यासाठी." अंगठा अजून त्याच पेरावर होता. "दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाणी प्याली."

ओळीतल्या घरांमध्ये एकेक दिवा लागत होता. आतून राधाबाईची हाक आली, नेहमीपेक्षा मोठी आणि जरा कापरी.

"सत्यशीला, दिवे लागले, बाई. तोंड धुतलं का? कुंकू लाव."

सत्यशीलानं पदराच्या टोकानं डोळे कोरडे केले, नीट, दोन्ही. मग आत वळून, रोज देत असे तशाच आवाजात तिनं ओ दिली.

"लावून राहिली, आत्याबाई."