वापर शून्य

दार उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लगेच डोकंही फिरलं. बाई धडधाकट उभ्या होत्या आणि आत टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"या. आज उशीर केलात," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, दोन दिवस तुमचं मीटर हललं नाही! मी जिने धावत चढलोय, धाप बघा माझी."

"नळ मीच नाही सोडला. बादल्या भरून ठेवल्या होत्या."

मी पालिकेच्या पाणी खात्यात मीटर तपासतो. नवी मीटरं पाण्याचा आकडा रोज आपणहून ऑफिसात पाठवतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा नळ दोन दिवस वापरला गेला नाही, की संगणकावर त्याचं नाव लाल होतं आणि मी दार ठोठावायला पळतो. शिवण शिकवून निवृत्त झालेल्या या बाई त्याच यादीतल्या.

यादी सुरू झाली माझ्या ताईमुळे. म्हणजे ताई गेल्यामुळे. बंद दारामागे ती आठवडाभर पडून होती. तिचा वापर शून्य झालेला आमच्याच खात्यात दिसत होता, पण बिल काढायची वेळ येईपर्यंत आकड्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, ही आमची रीत. ती एकटी राहते हे आरोग्य खात्याला ठाऊक होतं. दोन्ही खात्यांच्या मधे एक भिंत, आणि संबंध सवतींसारखे! मी साहेबांशी कडाकडा भांडून दोन्हीकडची माहिती एकत्र करवली. त्यानंतर काही माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली, वाचली. तरी शून्य दिसलं की मला अजून ताईचंच दार दिसतं. कुणाचंही दार ठोठावताना वाटतं, आतून तीच म्हणेल, "आले रे, थांब जरा."

"ही तिसरी खेप, बाई," मी ओरडलोच. "साहेब तुमचं नाव काढून टाकणार आहेत. लांडगा आला रे आला, असं किती दिवस चालणार? उद्या खरंच पडलात तर?"

"तर तुम्हाला कळेल की. मेल्यावर चौकशी करायची सोय झाली, चांगलंच झालं." बाईंनी चहा ओतला. "पण जिवंत आहे तोवर कुणी यावं असं वाटलं, तर काय करायचं हो? त्याचं काही आहे का तुमच्या संगणकात?"

मी कप उचलून चहा प्यालो. निघताना मात्र रोज नळ सोडायचं कबूल करून घेतलं.

बाई शब्दाला जागल्या. रोज सकाळी आकडा हलायचा, नाव हिरवं व्हायचं.

"बघ, आल्या की नाही सुतासारख्या सरळ?" साहेब खूश होऊन म्हणाले.

मीही हिरवं नाव बघून पुढच्या कामाला लागायचो. पण मनाला चैन नव्हतं. आता मला त्या हिरव्याचीच भीती वाटायला लागली होती. ताई होती तेव्हा तिचाही आकडा रोज हलत होता. तेव्हा कोण जात होतं तिच्याकडे?

एका दुपारी हातातलं काम तसंच टाकून उठलो आणि बाईंचं दार ठोठावलं.

दार उघडलं. मला बघताच बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चौकट घट्ट धरली.

"काय झालं? माझा आकडा थांबला का?"

"नाही हो बाई, चालू आहे."

"सकाळी सोडला होता मी नळ. भांडीसुद्धा घासली."

"हो, हो. दिसलं ना ऑफिसात."

"मग कशाला आलात?"

"असाच आलो."

त्यांचा विश्वास बसला नाही. मला दारातच ठेवून त्या आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी पडत होतं. बराच वेळ त्यांनी ते पडू दिलं. मग पदराला ओले हात पुसत बाहेर आल्या, मला नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "बसा."