हिरा तामोरे, पियानो

बोईसर स्टेशनावर उतरली तेव्हा हिराला वाटलं, इथंच बाकावर आडवं व्हावं आणि कोणी हलवून उठवेपर्यंत उठू नये. सकाळचे दहा वाजले होते. चार दिवसांपूर्वी ती कलकत्त्याला वाजवत होती, त्याच्या आधी मद्रासला, आणि त्याच्या आधी कुठं ते सांगायला तिला बॅगेतले कागद काढावे लागले असते. वय चोवीस. पण जिना चढताना ती कठड्याला धरायची, आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी त्याच्या तोंडाकडं नुसतीच बघत राहायची.

सत्त्याऐंशी सालचा नोव्हेंबर होता. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये शनिवारी तिचा कार्यक्रम ठरला होता, सत्कारासकट. घिवलीच्या मांगेल्या कोळ्यांची पोर पियानो वाजवते, लंडनला शिकून आली, वर्तमानपत्रात तिचे फोटो येतात. तिचं कौतुक आपल्या भागात व्हायला नको?

पियानो तिच्या नशिबात आला तो मासळीच्या टोपलीमागून. वडील कमलाकांत ती तीन वर्षांची असतानाच तापानं गेले. आई येसूबाई तारापूर गावात घरोघर मासळी द्यायची, आणि लेकीला घरी कुणापाशी ठेवायचं म्हणून बरोबर न्यायची. गावात पिरोजबाई नावाची एक पारशी विधवा होती. मागच्या पायरीवर येसूबाई आणि पिरोजबाई पापलेटांवरून हुज्जत घालत बसायच्या; एकदा तेवढ्यात सहा वर्षांची हिरा पुढच्या खोलीत गेली आणि तिनं काळ्या पेटाऱ्याची एक पांढरी पट्टी दाबली. येसूबाई मारायला धावली. पिरोजबाईनं तिला हातानं अडवलं.

"थांब नी, येसू. पोरी, परत दाब. तीच पट्टी."

मग तिनं हिराला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, स्वतः एक सूर वाजवला आणि विचारलं, कुठला? हिरानं वळून तो बरोबर दाबला. दुसरा, तिसरा, दहावा. त्या दिवशी मासळीचा भाव ठरलाच नाही.

पुढची दहा वर्षं शाळा सुटली की हिरा पिरोजबाईकडं. समुद्राच्या हवेनं पियानोच्या तारा गंजायच्या, पावसाळ्यात पट्ट्या फुगून बसायच्या. म्हणून पिरोजबाई त्याच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवायची. पिरोजबाई कधी शाबास म्हणाली नाही. "चौथा बोट आळशी आहे तुझा," एवढंच म्हणायची. सोळाव्या वर्षी तिनंच हिराला मुंबईला आपल्या बहिणीकडं धाडलं. तिथून लंडनची शिष्यवृत्ती, तीन वर्षं. परत आली तेव्हा पिरोजबाईचा भाचा सोराब विमानतळावर हार घेऊन उभा होता. सोराब मैफिली भरवायचा.

तो वाईट माणूस नव्हता. हिराच्या पहिल्या कार्यक्रमाला मोजून चाळीस माणसं आली, तेव्हा तिच्याइतकंच त्यालाही लागलं होतं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "हिरा, एकदा माझं ऐक. तू लुगडं नेसून वाजव. केसात वेणी माळ. लोक आधी बघायला येतात, मग ऐकतात."

तिनं ऐकलं. हॉल भरला. आणि मग ते लुगडं तिच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. पुणं, दिल्ली, पणजी, जिथं जाईल तिथं आधी निवेदक दहा मिनिटं बोलायचा: सुकट विकणारी आई, काठावरची झोपडी, दर्याची लेक. एका फोटोवाल्यानं तिला धक्क्यावर नेऊन डोक्यावर टोपली दिली होती आणि म्हणाला होता, हसा. ती हसली. तोच फोटो सगळीकडं गेला. कलकत्त्याच्या एका टीकाकाराला तर ती काहीही वाजवो, त्यात लाटाच ऐकू यायच्या. जिच्यात पाण्याचा थेंब नाही अशी एक कोरडी, कडक रचना तिनं सहा महिने घासून बसवली होती. तिच्यावरही त्यानं लिहिलं, 'समुद्राची गाज'. ते वाचून हिरा रागावली नाही. तिनं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि हॉटेलच्या पलंगावर बुटांसकट पडून राहिली. राग यायलाही अंगात जोर लागतो.

घिवलीला बोंबलांचे दिवस होते. किनाऱ्यावर बोंबील वाळवायचे बांबूंचे मांडव लागले होते, बायका जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या टांगत होत्या. हिरा सवयीनं वाकली, तशी येसूबाई ओरडली.

"तू नको हात लावूस गो! दातांनी बोट फाटल, मंग वाजवशील कशी? बस तू."

शेजारच्या लाडकीनं घरातून खुर्ची आणून रेतीत ठेवली. सगळ्या बाया उकिडव्या बसलेल्या, आणि मधोमध खुर्चीवर हिरा. त्यांच्यातल्या जमुनानं विचारलं, "तुजी पेटी केवडी मोठी असते गो? होडीयेवडी?" सगळ्या हसल्या, हिराही हसली. पण तिच्या मनात आलं, तिकडं मी कोळीण आहे, इथं मी पाहुणी आहे. दोन्हीकडं नुसतं बसायचंच आहे.

शुक्रवारी ती पिरोजबाईकडं गेली. म्हातारी आता ऐंशीच्या पुढं होती, कानानं जवळजवळ गेलेली. हिरा वाजवायला बसली तेव्हा तिनं खुर्ची सरकवून पियानोच्या लाकडावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. हिरानं तीच कोरडी रचना वाजवली. जुन्या पियानोत चार पट्ट्या मुक्या झाल्या होत्या.

वाजवून झाल्यावर पिरोजबाईनं लाकडावरचा तळवा काढला. मग म्हणाली, "हात चांगला आहे. तू कुठे आहे?"

"म्हणजे?" हिरानं तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"म्हणजे असा, के तू नोकरीवर असल्यासारखी वाजवते. सोराबनं मला फोटो धाडला, टोपलीवाला. मी त्याला बोलली, हे काय नाटक? दहा वर्षं मी तुला शिकवला. तू कोळीण आहे असा मी कधी बोलली?"

"नाही."

"मी बोलत होती, चौथा बोट आळशी आहे. बस. आता पण आहे."

हिराला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तिनं म्हातारीला सांगितलं, सोराबनं युरोपचा दौरा ठरवलाय, सहा शहरं, पन्नास दिवस. जाहिरातीची चित्रं छापून तयार आहेत, तोच फोटो. उद्या तो सही घ्यायला येणार आहे. पिरोजबाईला किती ऐकू गेलं कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "थकली आहेस तू. पण वाजवून कोणी असा थकत नाही."

शनिवारी संध्याकाळी वसाहतीचा हॉल गच्च भरला होता. इंजिनियर मंडळी, त्यांच्या बायका, बोईसरच्या कारखान्यांतले साहेब, आणि मागच्या रांगांत घिवलीहून टेम्पो करून आलेली माणसं. मुंबईहून पियानो आला होता. त्याचे सूर लावणारा माणूस घामाघूम होऊन नुकताच खाली उतरला होता. सोराब उत्साहात होता. हिरा साधी निळी सुती साडी नेसून आली हे बघून त्याचा चेहरा उतरला, पण तो लगेच म्हणाला, "चालेल, चालेल. आज दुसरी सोय केली आहे."

ती सोय हिराला पडद्यामागं दिसली. येसूबाई उभी होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि कमरेवर बोंबलांनी भरलेली टोपली. सकाळी मनोरच्या बाजाराला जाऊन, माल विकून, दोन गाड्या बदलून ती परत आली होती. पायावरची धूळसुद्धा नीट धुतली गेली नव्हती. उभ्या उभ्या ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

"आये, ही टोपली कशाला?"

"या सायबानं सांगितलं. बोलला, तुजं नाव घेतलं का टोपली घेऊन बाहेर यायचं, हिराजवल उभं रावायचं, फोटो काडतील." येसूबाईनं घाबरून लेकीकडं पाहिलं. "काय चुकलं काय गो?"

"तुझं काही चुकलं नाही."

हिरानं आईच्या कमरेवरची टोपली घेतली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. मग आईचा हात धरून तिला पडद्याच्या बाजूच्या पायऱ्या उतरवल्या आणि पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी, गादीच्या खुर्चीवर बसवलं. सोराब मागोमाग आला. दबक्या आवाजात म्हणाला, "हिरा, फोटोवाला मुंबईहून आला आहे. दौऱ्याचं सगळं यावर आहे."

"सोराबभाई, माझी आई सकाळपासून बाजारातच होती. आता ती ऐकायला आली आहे."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"दोन वर्षं झाली त्या पाच मिनिटांना." तिचा आवाज चढला नाही, चढवायची ताकदच नव्हती. "निवेदकाला सांगा, फक्त नाव घ्या. हिरा तामोरे, पियानो. त्यापुढं एक शब्द बोललात तर मी बसणार नाही."

सत्कार मात्र चुकला नाही. शाल, नारळ, पाहुण्यांचं लांबलचक भाषण, त्यात दर्या आलाच. मग निवेदक आला, सोराबकडं एकदा बघून चाचरला आणि नुसतं नाव घेऊन निघून गेला.

हिरा बसली. सुरुवातीला टाळ्या घेणारी, धावत्या बोटांची रचना ठरली होती. तिनं ती सोडून दिली आणि एका जर्मन संगीतकारानं आजारपणात लिहिलेला लांबलचक, संथ सोनाटा सुरू केला. तो ती कुठंच वाजवत नसे. सोराब म्हणायचा, लोक उठून जातात. पहिली दोन-तीन मिनिटं तिला स्वतःचे हात परके वाटले. मग हळूहळू ते कोणाचे आहेत हा विचारच राहिला नाही. एक सूर संपत होता आणि दुसरा त्याच्या जागी येत होता, एवढंच. मध्येच तिनं नजर वळवली तर पहिल्या रांगेत येसूबाईची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. ती गाढ झोपली होती.

हिरानं नजर पट्ट्यांवर आणली. मग पुढचा भाग जोराचा होता तो तिनं जितका हळू वाजवता येईल तितका हळू वाजवला.

टाळ्या पडल्या तशी येसूबाई दचकून जागी झाली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली. मागच्या रांगांतले काही लोक खरोखरच उठून गेले होते. बाकीचे बसले होते.

टेम्पोत परत जाताना येसूबाई ओशाळून म्हणाली, "माजा डोला लागला गो. लाज आनली तुला."

"नाय आये. आवडलं का तुला?"

येसूबाईनं विचार केला. "कललं नाय मना. पन येवडी मानसं, आनि कोन कोनाशी बोलत नवता. येवडं गप मी कदी बगितलं नाय. बरं वाटलं." मग लेकीचा चेहरा आपल्याकडं वळवून तिनं विचारलं, "तू दमलेस काय गो?"

दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. हिरा म्हणाली, "हो आये. लय दमलेय."

"मंग नीज दोन दिस. ऱ्हाऊ दे ती पेटी."

ती तीन दिवस झोपली. चौथ्या दिवशी सोराब आला. तिनं सही केली नाही. म्हणाली, फोटो काढून टाका, नाव ठेवा, मग येते. सोराब चिडला, पिरोजबाईच्या नावानं खडे फोडले, शेवटी डोकं धरून रेतीतल्या खुर्चीत बसला आणि येसूबाईनं दिलेला चहा प्यायला. तिकडं पत्रं गेली. सहापैकी चार शहरांनी कळवलं की या अटीवर जमणार नाही. दोन शहरांनी हरकत घेतली नाही.

फेब्रुवारीत हिरा त्यातल्या पहिल्या गावी पोचली. नावालाच शहर, छोटं गाव, रस्त्याच्या कडेला मळका बर्फ. हॉलमध्ये साठेक माणसं होती, बहुतेक म्हातारी, कोट अंगावर ठेवूनच बसलेली. प्रवासानं तिची पाठ दुखत होती, बोटं गार पडली होती. आयोजक बाईनं तिचं नाव चुकीचं उच्चारलं आणि बाजूला झाली. हिरानं तळहात एकमेकांवर चोळले, पियानोपुढची बैठक फिरवून दोन आटे खाली घेतली आणि ते लोक खोकून शांत व्हायची वाट बघत बसली.