हंडीतलं स्वराज्य

मी हंडी बोलतेय. मातीची, तपकिरी, दोन कानांची आणि पोटाने चांगलीच सुटलेली. व्हरमाँटच्या डोंगरातल्या टॅनर हॉलो गावात पूर्वापार मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरत आली आहे, आणि त्या दिवशीच्या जेवणाचा घेवडा माझ्यात शिजतो. काकवी, मोहरी आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा घालून रात्रभर मंद आचेवर. निम्म्या गावाला पुरून उरतो.

मला घडवून घेतलं ते ऑर्विल स्टिकनीच्या आजोबांनी. माझं मूळचं झाकण बर्फ काढायच्या गाडीबद्दलच्या चर्चेत फुटलं. नवी गाडी घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची, यावरून दोन चुलतभाऊ पेटले आणि एकाने मुद्दा ठासून मांडायला हाताशी आलेली वस्तू आपटली. तेव्हापासून माझ्यावर पत्र्याची ताटली असते. लोकशाहीसाठी मी एवढा त्याग केला आहे, पण त्याबद्दल कुणी कधी ठराव मांडला नाही.

ऑर्विल गायीवाला, जुन्या वळणाचा, आणि तीस वर्षं गावसभेचा सभापती. त्याचं म्हणणं साधं होतं. "राजधानीतल्या साहेबाला आपल्या रस्त्यातला खड्डा दिसत नाही. ज्याची गाडी खड्ड्यात आपटते, त्यानेच ठरवावं. पण ठरवायचं तर आधी माहिती हवी. ज्याला आपलं राज्य कसं चालतं हेच ठाऊक नाही, त्याच्यावर राज्य करायला दुसरा कुणीतरी टपलेलाच असतो."

हे तो दूध घ्यायला आलेल्यांनाही ऐकवायचा आणि वर परीक्षा घ्यायचा. "वॉशिंग्टनला आपल्या राज्याचे सिनेटर किती?" असं त्याने एकदा टपालवाल्याला विचारलं.

"दोन," टपालवाला म्हणाला, "आणि बदलून मिळत असतील तर दोन्ही आजच परत पाठवतो."

ऑर्विलने त्याला पास केलं.

त्याची बायको अल्मा घेवडा करायची. सभागृहाच्या मागे स्वयंपाकघर, मध्ये एक छोटी खिडकी. खिडकीच्या त्या बाजूला राज्यकारभार आणि या बाजूला आम्ही दोघी.

मग एका वर्षी ग्रेचेन पोलॅकने ठराव आणला. ही गावात नवी, म्हणजे येऊन आठच वर्षं झालेली. इस्पितळात परिचारिका. ठराव असा, की ही सभा बंद करावी, मतपत्रिका टपालाने घरोघरी पाठवाव्यात आणि लोकांनी सवडीने मत द्यावं.

ऑर्विलची झोप उडाली. माझीही. सभा नाही तर जेवण नाही, आणि जेवण नाही तर माझ्यात कुणीतरी जिरेनियमचं रोप लावणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आणखी पंचाईत म्हणजे सभापतीला बाजू घेता येत नाही. बोलायचं तर खुर्ची सोडायला हवी. ऑर्विलने सभापतीची हातोडी पुढे केली, पण घेणार कोण? जो तो भांडायच्या तयारीने आलेला. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "अल्माला द्या! घरी तरी कोण चालवतं?"

हशा पिकला. अल्मा ॲप्रनला हात पुसत आली आणि खुर्चीत बसली.

ऑर्विल उभा राहिला. "मंडळी, घरी चिठ्ठी येईल, तुम्ही हो किंवा नाही लिहाल. पण प्रश्न कुणाला विचाराल? शेजाऱ्याच्या तोंडावर त्याच्याविरुद्ध हात वर करायचा आणि मग त्याच्याच शेजारी बसून जेवायचं, हे शाळेत शिकवत नाहीत. ते इथेच—"

ठक!

"स्टिकनीसाहेब, तुमची दोन मिनिटं संपली."

"अगं अल्मा, एकच वाक्य—"

"खुर्चीला सभापतीबाई म्हणायचं असतं. आणि दोन मिनिटांचा नियम तुमचाच आहे. बसा."

सारं गाव टाळ्या वाजवत होतं. ऑर्विल बसला.

ग्रेचेन उठली. "स्टिकनीसाहेबांचं मला पटतं. पण दर मंगळवारी मी कामावर असते. आज रजा काढून आले, तीही ही सभा मोडायला. ज्याला सुट्टी मिळते त्याचंच स्वराज्य, असं का?"

 मग जी चर्चा पेटली, तशी कित्येक वर्षांत झाली नव्हती. 'सभेला वेळ कुणाला आहे?' हा मुद्दा एकाने पुरता पटवून दिला, पण त्यासाठी तो तीनदा उठला.

नियमाप्रमाणे सात जणांनी गुप्त मतदान मागितलं. चिटणीसाने मतपेटी उघडली, तर आत उंदरीण बाळंत झालेली. तिला हलवायचा ठराव कोण मांडणार? दुसरी पेटी म्हणून सगळ्यांच्या नजरा खिडकीतून माझ्याकडे वळल्या. पण मी तोंडापर्यंत भरलेली.

"आधी जेवा," अल्माने निकाल दिला, "मग मत."

"नियमात असं कुठेही—" ऑर्विल उठला.

"नियमात उंदीरही नाहीत. बसा."

मग मला रिकामी करणं हे सार्वजनिक कर्तव्य झालं. ऑर्विल आणि ग्रेचेन समोरासमोर बसून जेवले. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "घेवडा झकास आहे हो, पण यासाठी अख्खं गाव दिवसभर कोंडायचं?" ऑर्विलला हसता हसता ठसका लागला.

मला घाईत विसळून मतपेटी केलं. काकवी काही सगळी निघाली नाही, त्यामुळे चिटणीसाला मतं सुरीने सोडवून मोजावी लागली. ठराव चार मतांनी पडला. ऑर्विलने सर्वांदेखत मला मिठी मारली. मी लाजले.

घरी जाताना मी अल्माच्या मांडीवर होते. ऑर्विल खुशीत होता. "बघितलंस? लोकांना कळतं."

"मी ठरावाच्या बाजूने मत दिलं," अल्मा म्हणाली.

गाडी चिखलात थांबली. "तू?"

"अठ्ठेचाळीस वर्षं मी सभा खिडकीतून ऐकतेय, ऑर्विल. हात वर करायला बाहेर गेले की घेवडा करपतो. तुझं स्वराज्य स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबतं. घरी चिठ्ठी आली असती, तर निदान बसून वाचली असती."

ऑर्विलने टोपी काढून मांडीवर ठेवली.  मला त्याची दया आली, पण अल्माचंच खरं होतं. तिच्यासोबत मीही आतच असायचे ना!

मग तो हळूच म्हणाला, "घेवडा किती वेळ भिजवायचा असतो?"

यंदा सभा शनिवारी भरली. ग्रेचेनचीच सूचना, आणि अनुमोदन ऑर्विलचं. अल्मा रीतसर निवडून येऊन खुर्चीत बसली. ऑर्विल माझ्यापाशी. त्याने मीठ दोनदा घातलं आणि काकवी विसरला. शाळेच्या छपराच्या दुरुस्तीवर मत घ्यायची वेळ आली, तसा तो डाव हातात घेऊनच खिडकीतून निम्मा बाहेर वाकला.

"स्वयंपाकघरातल्या गृहस्थांनी आधी आच कमी करावी," सभापतीबाई म्हणाल्या.

वाचकहो, माझं वय झालं आहे, कानाला तडा गेला आहे. माझी एकच विनवणी आहे. राज्य कसं चालतं ते सगळ्यांनी शिकावं, पण कुणीतरी या माणसाला घेवडाही शिकवावा. कारण तो आचेकडे वळलाच नाही. मोजणी संपेपर्यंत त्याचा हात वर होता, आणि इकडे मी तळापासून करपत होते.