नावाने ठेवलेला वाटा

"सही कुटं करू? हितं, का त्या रेघंवर?" केराबाईने विचारले आणि ओला हात लुगड्याला पुसला.

"रेघेवर, मावशी. सावकाश करा की." महेश्वरीने कागदाखाली वही सरकवली.

धरणाच्या काठावर चार बांबूंवर ताणलेल्या पिवळ्या ताडपत्रीखाली दोघी बसल्या होत्या. ताडपत्रीच्या सावलीत सगळेच पिवळे दिसत होते: कागद, पाटीतले मासे, केराबाईचे डोळे.

संमतिपत्राचे हे एकच पान उरले होते. लघु संशोधन अनुदानासाठी महेश्वरीने दोन वर्षांत केलेला हा चौथा अर्ज. पहिला मार्गदर्शकांचा शिक्का पुसट उमटला म्हणून परत आला, दुसरा विषय फार लहान म्हणून, आणि तोच विषय विस्ताराने मांडलेला तिसरा, फार मोठा म्हणून. हाताने भरलेली पाने चढवायचे पोर्टल आज सायंकाळी पाचला बंद होणार होते, हे तिने केराबाईलाही सांगितले होते. धरणाच्या फुगवट्यातल्या काही चिलापी माशांच्या कल्ल्यामागे शिशाच्या रंगाचा फोड येतो. असा मासा चिरला की त्याचे यकृत काळ्या ठिपक्यांनी भरलेले निघते. ते ठिपके कशाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक व्हावे यासाठी चाचण्या हव्या होत्या आणि चाचण्यांसाठी अनुदान. मंद्रूपला राहणाऱ्या आईला, कमलम्माला, तिने आपण पाण्याचा अभ्यास करतो एवढेच सांगितले होते. त्या लिंगायत घरात अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे.

केराबाईने एकेक अक्षर कोरून सही पुरी केली. "आट म्हैनं झालं तुला येऊन. मला वाटलं, लगीन करून गेली मास्तरीण."

"मंजुरी आली नाही, मावशी. दरवेळी वाटायचं, पुढच्या महिन्यात येईल."

"ते ऱ्हाऊ दे. त्या पेटीत बघ, तुजा वाटा ठेवलाय."

थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या चुऱ्यावर चार चिलापी होते. चारही माशांच्या कल्ल्यामागे फोड. महेश्वरीला क्षणभर आनंदच झाला. मग तिने विचारले, "मी आज येणार हे तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"माहीत कशाला पायजे? रोजच ठेवते की. तूच म्हनलीस न्हवं, फोडाचा मासा फेकू नका, माज्यासाठी बाजूला काढा. त्याच्या आदी आमी घारींना टाकत हुतो."

"आणि मी येत नव्हते तेव्हा? त्या माशांचं काय केलंत?"

या प्रश्नात विचारण्यासारखे काय आहे, अशा नजरेने केराबाईने तिच्याकडे पाहिले. "एकाच्या नावानं काढल्याला वाटा टाकत न्हाईत, पोरी. त्यो मानूस न्हाय आला, तर घरच्यानं खायाचा. आमच्यात हीच रीत हाय."

"घरात सगळ्यांनी?"

"छ्या. पोराला, अमृतला, आन् सुनंला चांगला मासा. शिकनाऱ्या पोरीचा वाटा कुनालाबी कसा देऊ? म्या एकटीनंच खाल्ला." ती हसली. "तू काय जन्मात खानार न्हाईस. तुज्या वाटचं मी खाल्लं म्हनायचं."

महेश्वरी हसली नाही. तिच्या सूचनेत चूक काढता आली नसती. नमुने जपा असे प्रत्येक संशोधक सांगतो. रीतीतही दोष नव्हता. त्या रीतीत अनुपस्थित माणसाचा मान होता. पण त्या दोहोंनी मिळून फुगवट्याच्या या बाजूचा प्रत्येक फोडाचा मासा आठ महिने एकाच ताटात आणून ठेवला होता. आणि गेल्या वर्षी उभ्याने जाळी झटकत थट्टा करणारी केराबाई आज मघापासून एकदाही उठली नव्हती.

"जेवण जातंय का, मावशी?"

"चव न्हाय तोंडाला. उन्हाचं असंल."

महेश्वरीने अर्जाचे सतरावे पान उघडले. 'वापरात न आलेल्या नमुन्यांची विल्हेवाट कशी लावली जाईल?' खाली तिच्या सुबक अक्षरात उत्तर होते: 'जाळून नष्ट केले जातील.' चारही अर्जांत हेच उत्तर होते.

तिने मार्गदर्शकांना फोन लावला. "सर, सतरावं पान बदलावं लागेल. नमुने माणसाच्या खाण्यात गेलेत."

 पलीकडून थकलेला आवाज आला. "हे लिहिलंस की अर्ज आधी नैतिकता समितीकडं जाणार. यंदाचं विसर मग. आणि अनुदान नसेल तर चाचण्या कशा करणार आहेस तू?"

"माहीत नाही, सर."

"पाचपर्यंत वेळ आहे. विचार कर."

तिने फोन खाली ठेवला. "मावशी, जरा बाहेर उन्हात येता का?"

"काय गं?"

"या तर."

केराबाई बांबूला धरून उठली, दोनदा थांबली आणि ताडपत्रीबाहेर आली. महेश्वरी सहीचा कागद हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. उन्हात कागद पांढराशुभ्र झाला. केराबाईचे डोळे पिवळेच राहिले.

"असं काय बगतीस?"

"टेंभुर्णीला जाऊ. दवाखान्यात. आत्ता."

"आन् तुजं पाच वाजायचं हाय ते?"

महेश्वरीने खाली बसून वही गुडघ्यावर घेतली, तिच्यावर अर्ज ठेवला, सतराव्या पानावरच्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि तिच्या खाली घडलेले लिहिले. लिहायला तीन ओळी लागल्या.

वडापची जीप मिळायला अर्धा तास गेला. मागच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. चार माशांची पेटी महेश्वरीने मांडीवर घट्ट धरली होती. खड्ड्यांतून गाडी आदळत होती. संमतिपत्राचा कागद केराबाईने मागून घेतला होता, आणि सही चुरगळू नये म्हणून दोन्ही तळव्यांखाली तो मांडीवर सपाट दाबून धरला होता.